कथेतली जागा, कथेतली माणसं आणि आपले विद्यार्थी

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

"लेखकाने प्रभावी वातावरणनिर्मिती केली आहे." अकरावी-बारावीच्या कुठल्याही गठ्ठ्यातली कुठलीही उत्तरपत्रिका उघडा, हे वाक्य असतंच. पाठोपाठ "नायक कष्टाळू, प्रेमळ व स्वाभिमानी आहे" हेही. कथा कोणतीही असो, दोन्ही वाक्यं चपखल बसतात आणि गुणही मिळवून देतात. ती लिहायला कथा वाचावी लागत नाही, एवढीच माझी हरकत आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. शनिवारी तास संपले की अभ्यासक्रमाबाहेरचा एक वाचनगट चालवते, येईल त्याच्यासाठी. यंदा फक्त जुन्या, गाजलेल्या कथा घ्यायच्या ठरवलं. प्रत्येक कथेत दोनच गोष्टी बघायच्या: ही गोष्ट कुठे, कधी घडते, आणि त्यामुळे त्यातल्या माणसाचं काय होतं. सुरुवात प्रेमचंदांच्या 'पूस की रात'पासून केली. १९३० सालची कथा, मूळ हिंदीतूनच वाचली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवट फोडणार आहे, आधीच सांगते). हल्कू हा लहान शेतकरी. कांबळं घ्यायला मजुरीतून पैसा पैसा बाजूला टाकून तीन रुपये साठवलेत. सहना नावाचा माणूस थकलेल्या कर्जाच्या वसुलीला दारात उभा राहतो. बायको मुन्नी कितीही कातावली तरी ते तीन रुपये त्याच्या पदरात घालावे लागतात. मग पौषातली काळोखी रात्र. शेताच्या कडेला उसाच्या पाल्याचं छप्पर, बांबूची खाट, अंगावर जाडीभरडी चादर आणि खाटेखाली जबरा नावाचा कुत्रा. चिलमी ओढून होतात, कुत्र्याला कुशीत घेऊन होतं, थंडी काही हटत नाही. शेवटी तो जवळच्या आमराईत जाऊन वाळलेली पानं गोळा करतो आणि शेकोटी पेटवतो. इकडे नीलगाई शेतात शिरतात. जबरा भुंकून भुंकून जीव काढतो. हल्कूला ऐकू येतं. तो उठतो, दोन-तीन पावलं टाकतो, वाऱ्याचा झोत येतो आणि परत राखेपाशी येऊन बसतो. सकाळी शेत साफ. मुन्नी म्हणते, आता मजुरी करून शेतसारा भरावा लागणार. आणि हल्कू खूश! रात्री इथे गारठ्यात झोपावं तर लागणार नाही.

पहिल्या फेरीत मुलांनी त्याला 'गरीब', 'आळशी', 'बेजबाबदार' आणि 'प्राणिप्रेमी' ठरवून मोकळं केलं. मग मी विशेषणबंदी जाहीर केली. माणसाबद्दल बोलायचं तर क्रियापदातच. फळा भरला: देतो, कुडकुडतो, चिलीम भरतो, कुत्र्याशी बोलतो, आगीवरून उडी मारतो, गुणगुणतो, ऐकतो, स्वतःची समजूत घालतो, मागे फिरतो, थाप मारतो. या 'थाप मारतो'वर गाडी अडली. सकाळी तो मुन्नीला सांगतो की पोटात भयंकर दुखत होतं, मरता मरता वाचलो. एका मुलीनं विचारलं, "ज्याला शेताचं काही पडलेलंच नाही, तो थाप कशाला मारेल?" 'आळशी' तिथेच लंगडं पडलं.

दुसरं काम असं दिलं की त्या रात्री हल्कूला काय काय करता आलं असतं ते लिहा, आणि त्यातलं प्रत्येक का जमलं नाही ते कथेतून दाखवा. 'वर्णन' म्हणून मुलांनी उड्या मारून सोडलेल्या ओळी इथे एकेक करून परत आल्या. कांबळं नाही, कारण दारातला सहना. नुसतं पडून राहता येत नाही, कारण पश्चिमेचा वारा. पहाट झाली म्हणून सुटका नाही, कारण सप्तर्षी अजून पुरते वर आलेले नाहीत, म्हणजे प्रहराहून जास्त रात्र बाकी. वातावरण म्हणजे त्या माणसापुढच्या बंद झालेल्या वाटा, आणि उरलेल्या वाटेवर तो काय करतो ते पात्र. सध्या मी एवढ्यावर येऊन थांबले आहे.

तुम्ही कुणी मुलांबरोबर असं काही करता का? कुठल्या कथा घेता? आणि मुलांनी ती जागा कधी पाहिलेलीच नसेल तेव्हा काय करता?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, धागा बरोबर वेळेवर काढला. मी यवतमाळकडे नववीला शिकवतो आणि हीच कथा मागच्या हिवाळ्यात घेतली होती. आमच्या पोरांना नीलगाय समजावून सांगावी लागत नाही. रोह्यांचा (आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात) कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर कसं साफ करतो ते त्यांनी पाहिलेलं आहे. जागली, म्हणजे रात्रीची पिकाची राखण, काय असते तेही माहीत आहे. शिवाय पंपाची लाईन रात्रपाळीची असली की बाप रात्री दोनला पाणी द्यायला जातो, हे अर्ध्या वर्गाच्या घरचं आहे. त्यामुळे थंडीवर माझा एक मिनिटही खर्च झाला नाही.

पण पोरांनी मला भलतीकडेच नेलं. आमराईत पानं झाडायला हल्कू झाडू कशाचा करतो, आठवतं? शेजारच्या तुरीच्या वावरात जाऊन उभी झाडं उपटतो. मी ही ओळ सरळ वाचून पुढे गेलो, आणि वर्गात गलका. "सर, दुसऱ्याची तूर उपटली त्यानं!" शेतकऱ्याच्या पोराला उभं पीक उपटणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्यांचं म्हणणं असं की हल्कूची शेती रोह्यांनी खाल्लीच नाही. तूर उपटली तेव्हाच त्याच्यातला शेतकरी संपला होता, रोही नंतर आले.

आणि 'तो झोपून गेला' असं एकजण म्हणाला तर मागच्या बाकावरून आलं, "त्याले झोप नव्हती लागली सर, त्यानं झोपाचं ठरवलं." व्यक्तिचित्रणावर यापेक्षा जास्त मला तरी बोलता येणार नाही.

तिरकस

मुलांना कथा नुसती वाचू द्याल का कधी? बेडूक फाडायचा तास वेगळा असतो. फळ्यावर क्रियापदं, वहीत बंद वाटांची यादी. उद्या याचंही गाईड निघेल: "हल्कूच्या बंद वाटा कोणत्या? कोणत्याही चार लिहा."

आणि वातावरणाला उगाच एवढं डोक्यावर घेताय असं वाटतं. चांगली कथा कुठेही उचलून ठेवा, टिकते. चेकॉव्हची गाडीवानाची कथा घ्या, इंग्रजीत 'मिझरी' म्हणून असते ती. मुलगा गेलाय, कुणालातरी सांगायचंय, ऐकायला कुणी नाही. पीटर्सबर्गचा बर्फ काढा, दादरचा टॅक्सीवाला घाला. काय बिघडतं?

निळाई

तिरकस, टोमणा आवडला, पण उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. आम्ही हे करून पाहिलंय. मी बी.ए.च्या मुलांना शिकवते. त्यांना हीच कथा (१८८६ची) दिली आणि सांगितलं, उचला आणि आपल्या शहरात आणून ठेवा.

बर्फ गेला, काही बिघडलं नाही, इथवर तुम्ही बरोबर. रिक्षा आली, ॲपवरची गाडी आली. कथेत त्याच्या गाडीत बसणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या जागी कानात इअरफोन घातलेली प्रवासी आली. ते तीन दंगेखोर तरुण तर जसेच्या तसे बसले, फक्त वीस कोपेकच्या भाड्याऐवजी कूपन कोड आला. मग मी म्हटलं, आता गाडीवानाला त्याच्या गावात ठेवा. तिथे कथा मोडली. गावात कुणाचा तरणा मुलगा गेला तर बाप सांगत फिरेल कशाला, माणसं दारात येऊन बसतील. म्हणजे त्या कथेतली जागा बर्फाची नव्हतीच, गर्दीची होती. रस्ताभर हजारो माणसं, आणि योनाला, त्या गाडीवानाला, एक ऐकणारा मिळत नाही. दादर चालतं, कारण दादरलाही तेवढीच गर्दी आहे.

खरा घोळ शेवटी झाला. चेकॉव्हकडे तो तबेल्यात जातो आणि घोडीला सगळं सांगतो. कुझ्मा योनिच (त्याचा मुलगा) गेला, समज तुला एक शिंगरू होतं आणि ते गेलं, तर वाईट वाटेल ना, असं. रिक्षावाल्यानं कुणाला सांगायचं? एकानं कस्टमर केअरच्या यंत्राला सांगायला लावलं, वर्ग हसला. दुसऱ्यानं मुलाच्याच बंद पडलेल्या नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवायला लावला. बराच वाद झाला आणि कुठलाच पर्याय पुरता पटला नाही. घोडी दिवसभर त्याच्याबरोबर त्याच बर्फात उभी असते. तिचे दाणे त्याने कमावलेले नसतात, दोघं गवतावर भागवणार असतात. असं सोबत भोगलेलं काही रिक्षाच्या इंजिनात सापडेना.

तिरकस

घोडीचा मुद्दा मान्य. गर्दीचाही जवळजवळ मान्य. बेडकाचा माझा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

हिशेबी

मी वाणिज्य शाखेचा, मराठीच्या धाग्यावर घुसल्याबद्दल क्षमस्व. बायको इंग्रजी शिकवते, तिच्या वर्गासाठी मोपासाँच्या 'द नेकलेस'ची खतावणी करून दिली होती. कथा १८८४ची, पॅरिसची, आणि तिच्यातले आकडे फार बोलके आहेत.

सरकारी कारकुनाची बायको मातिल्ड. मेजवानीचं आमंत्रण येतं, तर झग्याला चारशे फ्रँक. नवऱ्याने बंदूक घ्यायला नेमके तेवढेच साठवलेले असतात, ते तो देतो. मैत्रिणीकडून हार उसना आणतात, तो हरवतो. तसाच दुसरा चाळीस हजारांचा, घासाघीस करून छत्तीस हजारांना मिळतो. वडिलोपार्जित अठरा हजार हाताशी, उरलेले अठरा हजार कर्ज. फेडायला दहा वर्षं. आणि अगदी शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा.

मुलं तिला 'लोभी' म्हणून निकाल लावतात. मी त्यांना खर्चाच्या बाजूला काय काय गेलं ते लिहायला लावलं: घरकामाची मुलगी गेली, घर गेलं, माळ्यावरची खोली आली, भांडी, धुणं, पाणी जिन्यावरून स्वतः वर न्यायचं, भाजीवाल्याशी एकेका सू साठी (तिथलं किरकोळ नाणं) भांडायचं. ज्या बाईला आपलं घर फार साधं वाटायचं तीच बाई हे सगळं अंगावर घेते आणि कर्ज पुरतं फेडते. 'लोभी' या खात्यात ही नोंद बसत नाही.

आणि नवऱ्याची आठवण कुणालाच राहात नाही. रात्री पाच सू पानाप्रमाणे नकला करत बसणारा तो माणूस अख्ख्या वर्गात एकाही उत्तरात नव्हता. तिकडे ताईंनी लिहिलेल्या कथेत मुन्नीचंही तसंच होत असणार, माझा अंदाज.

पाटीपेन्सिल

हिशेबी, अंदाज अगदी बरोबर. मुन्नी सगळ्यांच्या उत्तरातून गायब होती. खरं तर शेती सोडा, मजुरीत निदान सुखाची भाकरी मिळेल, हे पहिल्याच प्रसंगात तीच बोलते. नवरा जिथे शेवटच्या ओळीत पोचतो तिथे ती पहिल्या पानावर उभी आहे. आणि तरी शेत गेल्यावर ती उदास, तो खूश. हे कसं काय, यावर एक अख्खा शनिवार जाऊ शकतो.

वऱ्हाडी भाऊ, तुरीची ओळ मीही तशीच सोडली होती. आमची मुलं शहरातली, त्यांच्यातही कुणाला टोचली नाही. वाचक कुठला आहे यानेही कथेत काय दिसतं ते ठरतं, असं म्हणायला हवं.

दूरदेशी

इथे न्यू जर्सीत आमची रविवारची मराठी शाळा असते. वर्गात तेरा-चौदा वर्षांची मुलं. तुमच्या उलट अडचण: थंडी त्यांना पाठ आहे, सहना कोण ते कळत नाही. "कर्ज आहे तर बँकेत जाऊन बोलायचं ना" या वाक्यावर मी 'पूस की रात' मिटून ठेवली. (पुढे परत काढेन, सोडलेली नाही.)

टागोरांची 'पोस्टमास्टर' मात्र विलक्षण चालली. १८९१ची कथा. कलकत्त्याचा तरुण उलापूर नावाच्या खेड्यात पोस्टमास्टर होऊन येतो. शेजारी नीळ कोठी (निळीचा कारखाना), अंधारं गवती छपराचं ऑफिस, शेवाळलेलं तळं, भोवती झाडी. घरकामाला रतन, बारा-तेरा वर्षांची अनाथ मुलगी. तो तिला अक्षरं शिकवतो. पावसाळ्यात तो तापाने पडतो तेव्हा ती वैद्याला बोलावते, उशाशी रात्रभर बसते, पेज करून देते. बदलीचा अर्ज फेटाळला जातो, तो राजीनामा देऊन निघतो. ती विचारते, दादाबाबू, मला तुमच्या घरी न्याल? तो हसून म्हणतो, ते कसं शक्य आहे!

मुलांना मी गावाचे दोन नकाशे काढायला सांगितले, एक त्याच्या डोक्यातला आणि एक तिच्या. त्याच्या नकाशात पोस्ट, तळं, जंगल, आणि कागदाच्या अर्ध्या भागात कलकत्ता! तिच्या नकाशात कलकत्ता नव्हतंच. तिथे दाराबाहेरची जागा होती, जिथे ती हाकेची वाट बघत बसते. चूल होती. आणि एक डबकं, जिथे लहानपणी धाकट्या भावाबरोबर मोडक्या फांदीचा गळ करून खोटे खोटे मासे पकडले होते. ही आठवण कथेत एका ओळीपुरती आहे, पण एका मुलाने तेच डबकं सगळ्यात मोठं काढलं.

तेव्हा पाटीपेन्सिल, 'बंद वाटा' हे सूत्र इथे पुरत नाही असं मला वाटतं. उलापूर एकच, पण त्याच्यासाठी ती शिक्षा आहे आणि तिच्यासाठी तेवढंच जग. कथेत जागा एक असली तरी तिच्यात राहणाऱ्या प्रत्येकाची वेगळी असते, आणि 'ते कसं शक्य आहे' हे वाक्य या दोन नकाशांच्या मधोमध उच्चारलं जातं. मुलांचं यावर फार जोरात भांडण झालं. तो दुष्ट आहे का? एकीचं म्हणणं, त्याला तो प्रश्न गमतीचा वाटला, कारण तिच्या नकाशात तो केवढा मोठा आहे हे त्याला माहीतच नाही.

निळाई

दूरदेशी, क्या बात है! याला जोड म्हणून सत्यजित राय यांचा 'तीन कन्या' (१९६१) दाखवा, त्यातला पहिला भाग हाच. मात्र कथा पुरती चघळून झाल्यावरच, नाहीतर मुलांच्या डोक्यातली रतन पुसली जाते. कथेत तो पैसे देऊ करतो तेव्हा ती त्याच्या पायाशी पडून रडते, मला काही देऊ नका म्हणते. चित्रपटात ती पाण्याची बादली घेऊन त्याच्या समोरून निघून जाते, त्याच्याकडे न बघता, आणि नव्या मास्तरांना पाणी आणल्याचं सांगते. यातली जास्त अभिमानी रतन कोणती, हा प्रश्न टाकून खुशाल चहाला जा. परत येईपर्यंत वाद चालू असतो.

जुना_परीक्षक

सगळं वाचलं. छान चाललंय, पण वर्षअखेर मुलांना कृतिपत्रिका सोडवायची आहे हे कुणीतरी बोलायला हवं. बारावीला कथा हा साहित्यप्रकार म्हणूनच आहे आणि तपासणारा माणूस दमलेला असतो. विशेषणबंदीवर वाढलेला मुलगा "हल्कू तूर उपटतो" एवढंच लिहून थांबला तर नमुना उत्तरात 'हतबल' शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

माझा उपाय साधा आहे. विशेषण लिहू द्या, पण त्याच्यापुढे 'कारण' आणि कथेतली एक कृती आलीच पाहिजे. "हतबल आहे, कारण नीलगाईंचा आवाज ऐकून उठतो आणि वाऱ्याचा झोत लागताच मागे फिरतो." दमलेल्यालाही हे दिसतं. वातावरणाचंही तेच. 'प्रभावी' म्हणा हवं तर, पण कशावर प्रभाव पडला ते त्याच वाक्यात सांगा. विशेषणबंदी पहिल्या वाचनापुरती ठेवावी, कायमची नको. शेवटी माणसाला नाव देता आलं पाहिजे.

तिरकस

परीक्षक काका, "दमलेल्यालाही दिसतं" हे बोर्डाच्या मुख्य दारावर कोरून घ्या.

ते असो. एवढा मोठा धागा, मराठी शिकवणारी माणसं, आणि अजून एकही मराठी कथा नाही? रशिया, फ्रान्स, बंगाल सगळं झालं.

पाटीपेन्सिल

येतेय त्याकडेच. ग्रामीण कथा आधी घेतली असती, पण शहरातल्या मुलांचं वातावरण बोलीभाषेपाशीच संपतं. 'गावरान भाषेमुळे वातावरण जिवंत झाले' हे लिहिलं की त्यांची सुटका. म्हणून पुढच्या शनिवारी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घेणार आहे. त्याच नावाचा संग्रह १९६३चा. नायक नोकरीसाठी परगावी जातो आणि त्याला भाड्याने खोली हवी असते. हवापाणी, झाडं, नदी यातलं काही तिथे लागत नाही. खोली देणारी माणसं आणि न विचारता हवेत असलेला जातीचा प्रश्न, एवढीच ती जागा, आणि माणसाचा श्वास कोंडायला तेवढी पुरते. दूरदेशींची नकाशांची युक्ती इथे वापरणार: त्या खोलीचा नकाशा मालकाचा वेगळा आणि भाडेकरूचा वेगळा.

एकच धाकधूक आहे. वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत. कुणाला आपल्याकडे बोट दाखवल्यासारखं होऊ नये, आणि गुळमुळीतही होऊ नये. पहिलं वाचन मोठ्याने, सगळ्यांसमोर करावं की घरी वाचून यायला सांगावं?

वऱ्हाडी_ठेचा

मोठ्याने, आणि तुम्ही स्वतः वाचा ताई. पोरांना वाचायला लावू नका, कुणाच्या वाट्याला कुठलं वाक्य येईल सांगता येत नाही.

आणि मध्येच थांबा. 'पूस की रात'ला मी सहना दारात असतानाच पुस्तक मिटलं होतं. तीन रुपये द्यायचे की नाही? हात वर करा. बहुतेकांचे हात 'नाही'ला. बरं, नाही दिले, आता सहना काय करेल? ते कुणाला सांगता येईना. म्हटलं, घरी विचारून या, पूर्वी वसुलीला माणूस आला की काय व्हायचं. दुसऱ्या दिवशी जी उत्तरं आली ती इथे लिहीत नाही, ती त्यांच्या घरची आहेत. पण त्यानंतर पुढची कथा वाचताना हल्कूला आळशी कुणी म्हटलं नाही.

जुना_परीक्षक

हे करा. आणि त्या दिवशी वहीत काही लिहून घेऊ नका, मी परीक्षक असून सांगतोय.

पाटीपेन्सिल

ठरलं. मीच वाचणार, आणि खोलीची बोलणी सुरू होतात तिथे थांबणार. वह्या बंद. पुढच्या आठवड्यात काय झालं ते इथेच लिहिते, तोवर 'मुन्नी उदास आणि हल्कू खूश' यावर कुणाला काही सुचलं तर टाका.